स्टिअरिंग डावीकडे, ट्रॉली उजवीकडे!

उसाचा सीझन सुरू झाला की पैठण-गंगापूरकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. आपण मागे अडकतो, हॉर्न वाजवतो, वैतागतो. पण असा ट्रॅक्टर रिव्हर्स येताना कधी पाहिलाय? एकच ट्रॉली असली तरी ड्रायव्हर बरेचदा आधी खाली उतरून जागा बघतो. एवढा अनुभवी माणूस, मग दहा मीटर मागे यायला इतका विचार कशाला? उत्तर आपल्या कंट्रोल सिस्टीमच्या पुस्तकातच आहे, फक्त तिथे ट्रॅक्टरचं चित्र नाही.

साधी दोन चाकी ट्रॉली घ्या. पुढे जाताना ती शहाण्या मुलासारखी हेडच्या मागे येते. वळणावर तिरकी झाली तरी थोड्या अंतरात आपोआप सरळ होते, कारण तिला ओढलं जातंय. रिव्हर्समध्ये तिला ढकललं जातं. दोरी ओढली तर सरळ राहते, ढकलली तर वाकते, तसंच हे.

आता आकडे बघू. समजा हेड आणि ट्रॉलीमध्ये 5 अंशांचा कोन आहे, आणि हुकापासून ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलपर्यंत 3 मीटर अंतर आहे. स्टिअरिंग सरळ धरून 3 मीटर मागे आलात तर कोन होतो साडेतेरा अंश. आणखी 3 मीटर, की 35 च्या वर. आणखी 3 मीटर, की 80 पार! खरं तर तिथवर पोचायच्या आतच ट्रॉलीचा कोपरा किंवा दांडा ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला घासतो. हेड आणि ट्रॉली अडकित्त्यासारखे मिटतात. कोन जितका मोठा, तितका तो भराभर वाढतो. चक्रवाढ व्याजच म्हणा ना! पुढे जाताना समीकरण तेच, फक्त चिन्ह मायनस. ज्यांनी रूट लोकस मन लावून केलंय त्यांना एका वाक्यात सांगतो: गिअर बदलला आणि पोल उजव्या बाजूला गेला.

या समीकरणातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात वेळ कुठेच नाही. कोन सेकंदामागे नाही, मीटरमागे वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला की ट्रॉली तितकीच वाकडी होणार, पण तुम्हाला विचार करायला दुप्पट वेळ मिळणार. जुने ड्रायव्हर "हळू घे, हळू घे" म्हणून ओरडतात, ते उगाच नाही.

दुसरी गंमत. वाळूज एमआयडीसीत 40 फुटी कंटेनरचे ट्रेलर गेटमधून मागे घेताना बघितले की वाटतं, बापरे, यापुढे ट्रॉली म्हणजे पोरखेळ. अ‍ॅक्च्युअली उलट आहे. ट्रेलरची जोडणी ते मागचे अ‍ॅक्सल हे अंतर साधारण 8 मीटर धरलं, तर 3 मीटर मागे आल्यावर तोच 5 अंशांचा कोन 7 च्या आसपासच जातो. तळहातावर केरसुणीची लांब काठी उभी धरून बघा, मग पेन्सिल धरून बघा. लांब काठी सावकाश पडते, म्हणून सावरता येते. ट्रेलरला जागा जास्त लागते हे खरं, पण तो चूक माफ करतो. छोटी ट्रॉली करत नाही.

मग करायचं काय? ट्रॉलीचं शेपूट उजवीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग आधी डावीकडे. ट्रॉली वळायला लागली की लगेच स्टिअरिंग उजवीकडे आणायचं आणि हेडने ट्रॉलीच्या मागे मागे जायचं. नवशिका पहिली स्टेप पाठ करतो आणि दुसरी विसरतो. डावं-उजवं डोक्यात गोंधळत असेल तर स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा. मग शेपूट जिकडे हवं तिकडे हात न्यायचा, बस्स. कोन हाताबाहेर गेला तर सरळ पुढे घ्या. पुढे जाताना ट्रॉली स्वतःच सरळ होते, ही फुकटची मदत का नाकारायची? शक्यतो उजवीकडून मागे या, कारण आपल्याकडे ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि डावी बाजू फक्त आरशात दिसते. आणि ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. ट्रॉली लावली की दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेलेच हवेत.

आता "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्या माणसाबद्दल. तो बहुतेक वेळा ट्रॉलीच्या बरोबर मागे उभा असतो, आणि भरलेल्या ट्रॉलीमागचं ड्रायव्हरला काहीही दिसत नाही. इंजिनच्या आवाजात त्याची हाकही ऐकू येत नाही. त्याने बाजूला, ड्रायव्हरच्या नजरेत उभं राहावं आणि तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने तिथेच ब्रेक दाबावा. त्याहून वाईट जागा म्हणजे ट्रॅक्टरचं मोठं चाक आणि ट्रॉली यांच्यामधली. वरचा हिशोब आठवा: 35 अंशांवरून 80 वर जायला फक्त 3 मीटर लागतात. ती फट कुणी तिथे उभं असताना मिटली, तर सावरायला वेळच नाही.

राहिल्या दोन ट्रॉल्या. तिथे हेडने पहिली ट्रॉली वळवायची आणि त्या पहिलीने दुसरी वळवायची, म्हणजे एका काठीच्या टोकावर दुसरी काठी उभी करणं! शहाणा माणूस पिन काढतो आणि एकेक ट्रॉली लावतो. पण कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्सच्या चक्क स्पर्धा भरतात. घड्याळ लावलेलं असतं, बाजूला गर्दी असते, आणि ड्रायव्हर मान मागे वळवून ट्रॉली सरळ रेषेत मागे नेत असतो. रूट लोकस त्याने बहुतेक कधी काढलेला नसतो.