शेंगदाण्याचे औषध

कुपोषित मुलाला ‘चांगलेचुंगले खायला घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तीव्र कुपोषणात तो अपुरा पडतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, तर ते मूल नुसते बारीक नसून आजारी आहे असे समजावे. वाटीभर पातळ पेजेने त्याचे पोट भरते, ताकद येत नाही. कारण त्या वाटीत बहुतेक पाणीच असते.

पूर्वी अशा मुलांना रुग्णालयात ठेवून दुधाचे खास मिश्रण देत. ते पाण्यात कालवावे लागे. घरचे पाणी दूषित असले की जुलाब ठरलेले. आणि मजुरीवर पोट असलेली आई महिनाभर रुग्णालयात राहणार कशी?

१९९६च्या सुमारास फ्रान्समधील डॉ. आंद्रे ब्रियां व मिशेल लेस्कान यांनी यावर तोड काढली. दूध पावडर तीच. पण पाण्याऐवजी शेंगदाण्याचा मऊ लगदा आणि तेल. २००१पासून आफ्रिकेतील मलावी देशात डॉ. मार्क मॅनरी यांनी हा लगदा मुलांना घरीच देण्यास सुरुवात केली आणि पुढे तो तेथेच तयार होऊ लागला. आपल्याकडे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही असा आहार बनवून वापरला गेला आहे.

त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम दूध पावडर, २८ ग्रॅम साखर, २५ ग्रॅम भाजलेले दाणे, १५ ग्रॅम तेल आणि जेमतेम दीड ग्रॅम जीवनसत्त्वे व क्षार असतात. त्यातून ५००हून अधिक कॅलरी मिळतात. पाणी नसल्याने जंतू वाढत नाहीत. फ्रिजशिवाय तो तीन-चार महिने टिकतो.

मग दाण्याचा लाडू का नको? लाडू पौष्टिक आहेच. पण पोटॅशियम, जस्त, ‘अ’ जीवनसत्त्व असलेला तो दीड ग्रॅम त्यात नसतो, दूधही पुरेसे नसते. शिवाय हे क्षार सगळीकडे सारखे मिसळावे लागतात. दमट दाण्यांवरील बुरशीचे विष टाळण्यासाठी दाणे पारखून घ्यावे लागतात आणि तयार मालाची तपासणी लागते. म्हणजे स्थानिक असले तरी हे काम घरगुती नव्हे. काटा, यंत्र आणि प्रयोगशाळेची जोड असेल, तर ते जिल्ह्यातही होऊ शकते.

वाचकांनी एवढे करावे. शंका येताच अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्यावा. ताप, उलट्या, सूज किंवा अजिबात भूक नसेल तर मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. उपचाराचा आहार सुरू झाला तरी अंगावरचे दूध बंद करू नये; आधी ते पाजावे, मग हा आहार, सोबत स्वच्छ पाणी. सहा महिन्यांखालील बाळाला तो देऊ नये. हा आहार त्या मुलाचे औषध आहे. भावंडांत वाटू नये. मूल सावरले, की मग लाडू जरूर सर्वांना!