सायट्रिक अ‍ॅसिडचा होलसेल धंदा: माल सहज विकला जातो, पैसा कुठे अडकतो?

केमिकल ट्रेडिंगच्या मालिकेत आज सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. व्हिडिओत गणित पटापट निघून गेलं, म्हणून इथे आकडे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

हा माल नव्या माणसाला आकर्षक का वाटतो? तो २५ किलोच्या बॅगेत येतो, ज्वलनशील नाही, योग्य ठेवला तर लवकर खराब होत नाही आणि गिऱ्हाईक चहूकडे आहे. शीतपेयं, सॉस, जॅम, गोळ्या-चॉकलेटवाले, पनीर बनवणाऱ्या डेअऱ्या, डिटर्जंट आणि भांडी घासायचं लिक्विड बनवणारे, कापड प्रोसेसिंग, बॉयलर आणि पाइपलाइनमधले क्षार काढणारे, आरओ प्लांटचे मेम्ब्रेन धुणारे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याचा पल्प करणारे कारखाने, नाशिकला टोमॅटोवर प्रक्रिया करणारे, इचलकरंजीला प्रोसेस हाउस. नावात लिंबू असलं तरी हा माल लिंबापासून येत नाही. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखरेवर काळी बुरशी वाढवून तो मोठ्या प्रमाणात मिळवायची वाट दाखवली, आणि आजही मका किंवा मळीपासून तसाच बनतो. सगळ्यात जास्त उत्पादन चीनमध्ये होतं, त्यामुळे तिथला भाव, डॉलर आणि जहाजाचं भाडं हललं की मस्जिद बंदरचा भावही हलतो.

आता पहिला प्रश्न, जो नवीन लोक विचारतच नाहीत: गिऱ्हाइकाला मोनोहायड्रेट हवंय की अनहायड्रस? मोनोहायड्रेटमध्ये वजनाच्या साधारण ८.६ टक्के पाणी असतं. म्हणजे १०० किलोच्या पैशात खरं अ‍ॅसिड ९१.४ किलोच. समजा, मोनो ८० रुपये किलो आणि अनहायड्रस ८६ रुपये. स्वस्त कोणतं? ८० ला ०.९१४ ने भागा, ८७ रुपये ५० पैसे येतात. म्हणजे अनहायड्रस स्वस्त! पर्चेसवाल्या साहेबांसमोर हे गणित कागदावर करून दाखवलंत, तर भावात दोन रुपये कमी करण्यापेक्षा जास्त उपयोग होतो. फक्त एक, त्यांच्या फॉर्म्युल्यात मोनो लिहिलेलं असेल तर परस्पर बदलू नका. त्यांच्या लॅबला विचारू द्या.

दुसरं, ग्रेड. खाण्यात जाणारा माल असेल तर फूड ग्रेड, कंपनीची सीलबंद बॅग, बॅच नंबर, त्या बॅचचा सीओए म्हणजे तपासणीचा दाखला, आणि तुमचं स्वतःचं एफएसएसएआय लायसन्स. लेबलवर ३३० हा अ‍ॅडिटिव्ह नंबर दिसतो. साफसफाईसाठी आणलेला टेक्निकल ग्रेड सॉसवाल्याला द्यायचा नाही, पाच रुपये जास्त सुटत असले तरी. औषध कंपन्यांचं काम वेगळं: फार्माकोपियाचा ग्रेड, ऑडिट, कागदपत्रांचा ढीग. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका असंच मी सांगेन.

आता मुख्य मुद्दा. समजा, एका मोठ्या कारखान्याने तुम्हाला ५ टनांची ऑर्डर दिली. (खरे भाव रोज बदलतात, इथे हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेतलेत. जीएसटी १८ टक्के धरलाय, तुमच्या सीएकडून खात्री करून घ्या.) खरेदी १०० रुपये किलो, म्हणजे ५ लाख, वर जीएसटी ९०,०००. नवीन माणसाला इम्पोर्टर उधार देत नाही, सगळे ५ लाख ९० हजार रोख. गाडीभाडं, हमाली मिळून किलोला २ रुपये, १०,०००. झाले ६ लाख. विक्री १०८ ने. किलोला ८ रुपये सुटले, म्हणजे ४०,०००. त्यातून भाडं-हमाली वजा, हातात ३०,०००.

पण कारखान्याची अट आहे ६० दिवसांची उधारी. तुमचे ६ लाख दोन महिने बाहेर. महिना दीड टक्क्याने व्याज धरा, मग पैसे बँकेचे असोत, मेव्हण्याचे असोत की स्वतःच्या एफडीतले. महिन्याला ९,००० म्हणजे १८,००० गेले. राहिले १२,०००. आणि ६० चे ९० दिवस झाले, जे होतंच, तर राहिले ३,०००. शंभराव्या दिवशी नफा शून्य. वर विक्रीच्या जीएसटीतला फरक, इथे ७,२०० रुपये, तुम्हाला पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. कारखान्याने पैसे दिलेत की नाहीत हे तिथे कोणी विचारत नाही.

आता समजा, तो कारखाना बसला आणि पैसे बुडाले. ६ लाख भरून काढायला १२,००० नफ्याच्या किती ऑर्डरी लागतील? पन्नास. एक बिल बुडालं की पन्नास गाड्यांची मेहनत गेली. म्हणून मोठी ऑर्डर मिळाली की पेढे वाटायच्या आधी हा भागाकार करा.

मग करायचं काय? तोच ५ टन माल दहा जणांना ५००-५०० किलो द्या. हे लोक आज एक-दोन बॅगा किरकोळ दुकानातून महाग घेतात किंवा मुंबईहून मागवताना आठवडा घालवतात. दारात माल, दाखल्यासकट, दोन दिवसांत मिळत असेल तर ते ११६ देतात. ८०,००० सुटले. छोट्या गाड्यांचं भाडं किलोला ४ रुपये, म्हणजे २०,००० गेले. सरासरी २० दिवसांत पैसे आले तर व्याज ६,००० च्या आसपास. हातात ५४,०००, आणि तेच भांडवल ६० दिवसांत तीनदा फिरू शकतं. कष्ट मात्र दहापट: दहा फोन, दहा बिलं, दहा ठिकाणी वसुली. ज्याला फोन करायचा कंटाळा आहे त्याने हा धंदा करू नये, स्पष्ट सांगतो.

इथे हमखास एक गैरसमज असतो. "सर, उद्यम रजिस्ट्रेशन केलंय, ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतील ना?" नाही. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, ४५ दिवसांची तरतूद त्यात आहे, पण ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी. जुलै २०२१ पासून होलसेल-रिटेल व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं, ते फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यातून मिळत नाही. त्यामुळे वसुलीची तटबंदी तुम्हालाच बांधायची आहे.

ती कशी? नव्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, रिटर्न वेळेवर भरतो का ते फुकटात दिसतं. सरकारचे पैसे लटकवणारा तुमचे आधी देईल का? त्याला माल देणाऱ्या दोघांना फोन करा. पहिल्या दोन ऑर्डरी अ‍ॅडव्हान्सवर, मग सात दिवस, मग पंधरा. प्रत्येकाची उधारीची मर्यादा आधीच ठरवा आणि जुनं बिल येईपर्यंत नवी गाडी सोडू नका. परचेस ऑर्डर लेखी घ्या, डिलिव्हरी चलनावर शिक्का आणि सही घ्या. पुढच्या तारखेचा चेक घेतलात आणि तो परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ही मुदत चुकली की केस लंगडी होते.

राहिला साठा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि भिवंडीच्या गोदामांत, ओल लागली की बॅगेत दगडासारखे गोळे होतात. अ‍ॅसिड तेच असतं, पण गिऱ्हाईक बॅग परत पाठवतो. लाकडी पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, थर कमी, उघडलेली बॅग लगेच बांधा, आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढा. जूनच्या तोंडावर भाव स्वस्त आहे म्हणून गोदाम भरू नका. आंबा पल्पवाल्यांना मात्र एप्रिल-मेमध्ये माल लागतो, त्यांच्याकडे फेब्रुवारीतच सॅम्पल घेऊन जा. सीझन सुरू झाल्यावर त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

सुरुवातीला कंटेनर मागवायचा विचार नको, एका वीस फुटी कंटेनरमध्ये वीस-पंचवीस टन बसतात. इम्पोर्टरकडून एक टन घ्या, म्हणजे ४० बॅगा. तुमच्या एमआयडीसीतल्या तीस कारखान्यांची यादी करा, प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: कोणता ग्रेड, महिन्याला किती बॅगा, सध्या पैसे किती दिवसांनी देता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळणाऱ्यांना यादीत सगळ्यात खाली ठेवा.