खुर्ची आपली, मालकी क्लबची

क्रीडा प्रतिनिधी

मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला 'सीझन तिकीट' ही चीज नवी नाही. बोलताना आपण त्याला 'पास' म्हणतो, पण रेल्वेच्या दफ्तरी ते सीझन तिकीटच. महिन्याचे किंवा तिमाहीचे पैसे एकदा भरावेत आणि हव्या त्या गाडीने हव्या तितक्या वेळा जावे. बसायला जागा मिळेल, याची हमी मात्र रेल्वे देत नाही. इंग्लंडमधील फुटबॉलच्या सीझन तिकिटाचे गणित याच्या नेमके उलट आहे. तेथे स्टँड, रांग, खुर्चीचा क्रमांक असे सारे ठरलेले असते. अनिश्चित असते ती वेळ. आणि करारातील बारीक अक्षरे वाचली, तर ती खुर्चीही तितकीशी निश्चित नसते.

प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत. प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो आणि त्यांपैकी १९ आपल्या मैदानावर. सीझन तिकीट म्हणजे या १९ सामन्यांचे आगाऊ आरक्षण. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो. नूतनीकरणाचे पैसे मात्र त्याच्या काही महिने आधीच, म्हणजे पुढच्या वर्षी संघात कोण असेल आणि प्रशिक्षक कोण असेल हे ठरण्यापूर्वी भरावे लागतात. आवडता खेळाडू जुलैमध्ये विकला गेला, तरी पैसे परत मिळत नाहीत. क्लबच्या दृष्टीने ही बिनव्याजी ठेवच म्हणायची. ज्याला एकरकमी भरणे झेपत नाही, त्याच्यासाठी अनेक क्लबांनी हप्त्यांची सोय ठेवली आहे. पण ते हप्ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेमार्फत असतात आणि तेथे व्याज चाहत्याला पडते.

दरांचा अंदाज यावा म्हणून एक जुने उदाहरण. बीबीसीने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत आर्सेनलचे सर्वांत स्वस्त सीझन तिकीट ९८५ पौंडांना, तर सर्वांत महाग १,९५५ पौंडांना होते. त्या वेळच्या विनिमय दराने स्वस्त तिकीटही ८० हजार रुपयांच्या वर जात होते. अर्थात, आर्सेनलच्या तिकिटात तेव्हा लीगच्या १९ सामन्यांबरोबर इतर स्पर्धांतील सात सामनेही धरलेले असत. म्हणजे सामन्यामागे ३८ पौंड. गणित तसे वाजवी; पण ते सव्वीसच्या सव्वीस सामन्यांना जाणाऱ्यासाठी.

या व्यवस्थेचे आजचे रूप फार जुने नाही. पूर्वी बहुतेक मैदानांत गोलजाळीच्या मागे पायऱ्यापायऱ्यांचा उतार असे आणि लोक तेथे उभे राहून सामना पाहत. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मनात आले, तर दारावर पैसे देऊन आत जाता येई. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए चषकाच्या उपांत्य सामन्याच्या वेळी अशाच उभ्या प्रेक्षकांच्या विभागात चेंगराचेंगरी झाली. तिच्यातील मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये दिलेल्या अंतिम अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतील मैदाने १९९४-९५ च्या मोसमापर्यंत पूर्णपणे आसनयुक्त करण्यात आली. दर भरमसाट वाढावेत, असे काही टेलर यांनी सुचवले नव्हते. पण उभ्याच्या जागी खुर्ची आली की माणसे कमी मावतात. त्यातच १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, खेळ झगमगू लागला. जागा घटल्या, मागणी वाढली आणि 'दारावर पैसे देऊन आत' हा प्रकार मोठ्या क्लबांपुरता इतिहासजमा झाला. नियमित सामने पाहायचे, तर सीझन तिकीट हाच खात्रीचा मार्ग उरला.

बांधकामाचा खर्चही काही क्लबांनी प्रेक्षकांकडूनच उभा करू पाहिला. १९९१ मध्ये आर्सेनल आणि वेस्ट हॅम या लंडनच्या दोन क्लबांनी 'बाँड' काढले. हे रोखे घेतले की सीझन तिकीट मिळत नसे. मिळे तो ते विकत घेण्याचा हक्क! वेस्ट हॅमच्या चाहत्यांनी तर याविरुद्ध थेट मैदानात उतरून निषेध केला. अमेरिकी फुटबॉलमध्ये याच कल्पनेला 'पर्सनल सीट लायसन्स' म्हणतात आणि तेथे ती चांगलीच रुजली आहे.

शनिवार दुपारचे तीन

सीझन तिकीटधारकाची सर्वांत मोठी तक्रार पैशांची असेल, असे आपल्याला वाटते. ती असतेच, पण त्याखालोखाल येते ती वेळापत्रकाची. मोसमाचा कार्यक्रम जूनमध्ये जाहीर होतो तेव्हा बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनचे दाखवलेले असतात. नंतर टीव्ही वाहिन्या आपल्या पसंतीचे सामने निवडतात. मग शनिवारचा सामना रविवारी जातो, नाहीतर सोमवारी रात्री आठला. नोकरीच्या पाळ्या, रेल्वेची आधी काढलेली तिकिटे, मुलांच्या शाळा हे सारे ज्याचे त्याने पाहावे. करारात ते स्पष्ट लिहिलेले असते. तिकीट सामन्याचे आहे, तारखेचे नाही.

यातली गंमत आपल्याकडच्या प्रेक्षकाला माहीत असेलच असे नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण दाखवायचे नाही, असा तेथे अनेक दशकांचा दंडक आहे. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावे, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे तीन वाजताचा सामना मँचेस्टरमधल्या चाहत्याला घरच्या टीव्हीवर दिसत नाही. ठाण्यातला किंवा कोथरूडमधला चाहता मात्र तोच सामना रात्री साडेसात किंवा साडेआठला सोफ्यावर बसून बघू शकतो!

खुर्ची रिकामी ठेवणे हाही आता अपराध ठरू लागला आहे. पूर्वी एकदा पैसे भरले की जावे किंवा न जावे, ही ज्याची त्याची मर्जी. अलीकडे अनेक मोठ्या क्लबांनी किमान हजेरीचा नियम केला आहे. मोसमातील ठरावीक सामन्यांना स्वतः जा, नाही जमले तर तिकीट अधिकृत मार्गाने दुसऱ्याच्या नावे पाठवा किंवा क्लबच्या विनिमय योजनेत परत करा; नाहीतर पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरा. प्रत्येक प्रवेशाची नोंद संगणकावर असते. प्लास्टिकच्या कार्डाची जागा मोबाइलने घेतल्यापासून तर हिशेब अधिकच काटेकोर झाला आहे. साधा फोन वापरणाऱ्या सत्तरीतल्या चाहत्याची त्यात होणारी त्रेधा वेगळी सांगायला नको.

क्लबची बाजूही ऐकली पाहिजे. हजारो माणसे प्रतीक्षा यादीत ताटकळत असताना टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसाव्यात, हे कोणालाच शोभणारे नाही. शिवाय वर्षानुवर्षे तिकीट स्वतःच्या नावावर ठेवून दर सामन्याला ते भाड्याने देणारे महाभागही आहेतच.

लीगबाहेरच्या सामन्यांचे प्रकरण निराळे. चषक स्पर्धेचा सामना लागला की तिकीटधारकाला आपली नेहमीची खुर्ची राखून ठेवण्यासाठी काही दिवसांची मुदत मिळते. मुदत चुकली की त्या रात्री तेथे दुसरा कोणी बसतो. मँचेस्टर युनायटेडमध्ये तर, ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब ताब्यात घेतल्यानंतर काही वर्षे, सीझन तिकीटधारकाने चषक सामन्यांचीही तिकिटे घेतलीच पाहिजेत, अशी सक्ती होती. परगावच्या सामन्यांसाठी पाहुण्या संघाला साधारण तीन हजार जागा मिळतात आणि त्या 'क्रेडिट' पाहून वाटल्या जातात. ज्याने आधी जास्त परगावचे सामने पाहिले, त्याचा नंबर आधी. परिणामी नव्याला शिरकाव नाही आणि जुना माणूस जायचे नसले तरी क्रेडिटसाठी तिकीट घेत राहतो. संघ खालच्या श्रेणीत घसरला की मात्र तिकीटधारकाला घरच्या मैदानावर १९ ऐवजी २३ सामने पाहायला मिळतात. ही सवलत कोणालाच नको असते.

पागडीचे घर

हे सारे सोसून माणसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे ते तिकीट सोडत का नाहीत? गिरगाव-दादरच्या जुन्या चाळी पाहिलेल्या वाचकाला हे चटकन उमगेल. सीझन तिकीट म्हणजे पागडीचे घर आहे. मालकी आपली नाही, दुरुस्तीवर आपला अधिकार नाही, मालकाशी कुरबुर कायमची. पण एकदा सोडले की पुन्हा मिळणे नाही आणि आजूबाजूचे बिऱ्हाडकरू पिढ्यान्‌पिढ्यांचे. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे आडनावही माहीत नसते, पण त्याच्या मुलीचे लग्न कधी झाले ते ठाऊक असते.

कायद्याच्या नजरेत मात्र सीझन तिकीट हा केवळ परवाना. कार्ड क्लबच्या मालकीचे, कारण दाखवून ते रद्द करता येते, जागाही बदलता येते. वडिलांच्या नावाचे तिकीट मुलाला मिळेल की नाही, हे त्या त्या क्लबच्या नियमावर. काही क्लब जवळच्या नातेवाइकाला एकदा नाव बदलू देतात, काही अजिबात नाही. त्यामुळे वडील गेल्यावरही त्यांच्याच नावाने नूतनीकरण करत राहणारी घरे आहेत. किमान हजेरी आणि मोबाइलच्या नव्या नियमांत खरी अडचण होते ती त्यांची. याबाबतीत अमेरिकेतील ग्रीन बे पॅकर्स हा संघ उदार. तेथे तिकीट कुटुंबात पुढे देता येते. त्याचा दुसरा परिणाम असा, की तेथील सीझन तिकिटे १९६० पासून संपलेली आहेत आणि प्रतीक्षा यादीत एक लाख ४० हजारांहून अधिक नावे असल्याचे सांगितले जाते. मूल जन्मले की यादीत नाव घालायचे, अशी तिथली रीत!

क्लबांना हे जुने बिऱ्हाडकरू अलीकडे जड होऊ लागले आहेत, अशी शंका येण्यास जागा आहे. नेहमीचा प्रेक्षक सवलतीच्या दरात येतो, सामना पाहतो आणि घरी जातो. परदेशी पर्यटक एका सामन्यासाठी कितीतरी अधिक मोजतो आणि वर जर्सी, मफलर घेऊन जातो. खानपानासह मिळणाऱ्या जागा तर सोन्याची खाणच. मँचेस्टर युनायटेडने २०२५ मध्ये डगआउटलगतच्या काहीशे तिकीटधारकांना अशा महागड्या जागांसाठी अन्यत्र हलवण्याचे ठरवले. टॉटनहॅमने मार्च २०२४ मध्ये ज्येष्ठांना नव्याने सवलत न देण्याचे आणि असलेली हळूहळू घटवण्याचे जाहीर केले, तेव्हा चाहते निदर्शनांना उतरले.

निदर्शने दरवेळी वाया जातातच असे नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी अॅनफिल्डवर लिव्हरपूल-संडरलँड सामना चालू असताना ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालते झाले. नव्या स्टँडमधील काही तिकिटांचा दर ७७ पौंड ठरवल्याचा तो निषेध होता. २-० अशी आघाडी असलेला लिव्हरपूलचा संघ त्यानंतर दोन गोल खाऊन बरोबरीत अडकला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच मोसमात प्रीमियर लीगने परगावच्या प्रेक्षकांसाठी कमाल ३० पौंडांची मर्यादा मान्य केली.

आपल्याकडे अशी चळवळ होणे कठीण, कारण खुर्चीवर हक्क सांगणारा सामान्य प्रेक्षकच येथे फारसा तयार झाला नाही. मुंबई क्रिकेटमध्ये तिकीट ही वस्तू मुळात वाटपाची. तिकीट वाटपावरूनच ब्रेबॉर्नचे यजमान क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात बिनसले आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. पुढे २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी त्याच वानखेडेच्या सुमारे ३३ हजार जागांपैकी जेमतेम चार हजार तिकिटे सर्वसामान्यांसाठी होती. उरलेली संलग्न क्लब आणि क्रिकेट संस्थांच्या वाट्याला. आयपीएलमधील काही संघांनी आणि गोव्यात एफसी गोवाने सीझन तिकिटे विकली खरी, पण "पास आहे का?" हाच आपल्याकडचा प्रश्न अजूनही कायम आहे.

लंडनला मुलाकडे जाणाऱ्या वाचकांसाठी एक सावधगिरीचा शब्द. तेथे एखादा परिचित आपले कार्ड चार पैसे घेऊन देऊ करील. १९९४ च्या ब्रिटिश फौजदारी कायद्याच्या १६६ व्या कलमानुसार क्लबच्या परवानगीवाचून फुटबॉलचे तिकीट विकणे हा गुन्हा आहे, मग ते छापील किमतीला का असेना. २००६ च्या दुरुस्तीने इंटरनेटवरची विक्रीही त्यात आणली. क्रिकेटच्या किंवा नाटकाच्या तिकिटाला हे कलम लागत नाही, म्हणून अनेकांची गफलत होते. सरळ मार्ग म्हणजे क्लबचे वार्षिक सदस्यत्व घ्यावे आणि ज्यांना येणे जमत नाही त्यांनी क्लबच्याच विनिमय योजनेत सोडलेली खुर्ची मिळते का ते पाहावे. मूळ तिकीटधारकाला त्या सामन्यापुरते पैसे परत मिळतात. परक्याच्या कार्डावर गेलात आणि दारावर पकडले गेलात, तर तुमची एक संध्याकाळ वाया जाईल. कार्ड ज्याचे, त्याची कित्येक वर्षांची खुर्ची जाऊ शकते.