पोई मागे राहिली, हुला सोबत गेला

१९६५ साली होनोलुलूत एका मोठ्या अभ्यासाला सुरुवात झाली. ओआहू बेटावर राहणारे, १९०० ते १९१९ या काळात जन्मलेले, जपानी वंशाचे ८,००६ पुरुष त्यात सामील झाले. 'होनोलुलू हार्ट प्रोग्राम' हे त्याचं नाव. उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्या जपानी कुटुंबांची पुढची पिढी हृदयविकाराच्या बाबतीत जपानच्या वळणावर गेली की अमेरिकेच्या, हे त्यातून शोधायचं होतं. जपान, हवाई आणि कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणच्या जपानी पुरुषांची तुलना झाली. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त निघाला. माणूस मायदेशापासून जितका लांब गेला, तितका धोका वाढला होता. १९७६ साली मायकेल मार्मट आणि लेनर्ड साइम यांनी त्यात आणखी एक भर घातली. कॅलिफोर्नियातही ज्या जपान्यांनी जुन्या चालीरीती आणि नातीगोती घट्ट धरून ठेवली होती, त्यांच्यात हृदयविकार कमी होता आणि केवळ आहारावरून या फरकाचा उलगडा होत नव्हता.

याच अभ्यासातून दीर्घायुष्य आणि व्यायाम यांच्याबद्दलचा एक फार साधा निष्कर्ष १९९८ मध्ये पुढे आला. ६१ ते ८१ वर्षांचे, निवृत्त, धूम्रपान न करणारे ७०७ पुरुष रोज किती चालतात याची नोंद होती आणि पुढची १२ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं होतं. दिवसाला एक मैलही न चालणाऱ्यांमधला मृत्युदर दोन मैलांहून जास्त चालणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. जास्त चालणाऱ्यांमध्ये १२ वर्षांत जेवढे मृत्यू झाले, त्या प्रमाणाला कमी चालणारे सात वर्षांच्या आतच पोचले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे आणि मुळात प्रकृती बरी असणारा माणूसच जास्त चालतो, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही म्हातारपणी तीन-सव्वातीन किलोमीटर चालण्याला एवढं वजन असावं, हे मला आजही मोलाचं वाटतं. त्याला ना पैसे लागतात, ना साधनं.

पण ही झाली हवाईत येऊन वसलेल्यांची गोष्ट. बेटांच्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला वेगळंच आलं. २०१० च्या आकडेवारीनुसार हवाईतल्या चिनी वंशाच्या लोकांचं आयुर्मान सुमारे ८८ वर्षं, तर मूळ हवाईयन लोकांचं ७७ च्या आसपास. एकच हवा, एकच समुद्र, आणि मध्ये दहा वर्षांहून मोठी दरी. १७७८ मध्ये कॅप्टन कुक आला, त्याच्यामागून रोग आले. मग उसाचे मळे उभे राहिले आणि डोंगरातून उतरणारं पाणी मळ्यांकडे वळवलं गेलं. ज्या वाफ्यांमध्ये कालो उभा असायचा, त्यातले कितीतरी कोरडे पडले. कालो म्हणजे आपला अळूच. हवाईयन कथेनुसार आकाशपित्याचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला पुरलं तिथे कालो उगवला, आणि त्याच्या पाठीवर जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज झाला. तेव्हा अळू हा थोरला भाऊ. त्याने धाकट्याला पोसायचं आणि धाकट्याने त्याची निगा राखायची.

हे नातं दवाखान्यात परत आणण्याचा प्रयत्न १९८९ साली झाला. ओआहूच्या पश्चिम किनाऱ्यावर वाइआनाए नावाचं गाव आहे, तिथे मूळ हवाईयनांची वस्ती मोठी. तिथल्या आरोग्य केंद्रात डॉ. टेरी शिंतानी यांनी २० हवाईयन लोकांना २१ दिवस जुन्या पद्धतीचं जेवण दिलं. कालो, त्याचीच ठेचून केलेली पोई, रताळी, नीरफणस, पालेभाज्या, समुद्रातलं शेवाळ, फळं आणि बेताने मासे व कोंबडी. उपाशी कुणालाच ठेवलं नाही. पोट भरेपर्यंत खा, एवढीच सूचना. स्निग्ध पदार्थांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या सात टक्क्यांवर आली. माणसं पोटभर जेवत होती, तरी पोटात जाणाऱ्या कॅलरी ४१ टक्क्यांनी घटल्या. तीन आठवड्यांत वजन सरासरी ७.८ किलोंनी उतरलं आणि कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांनी. १९९१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. २० माणसं आणि तीन आठवडे हा पसारा लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. तरी मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण पथ्य म्हणून समोर आलेलं ताट त्या लोकांच्या पणजोबांचं होतं. 'तुमचं खाणं वाईट' असं ऐकत मोठ्या झालेल्या माणसांना पहिल्यांदाच 'तुमचं खाणं चांगलं होतं' असं डॉक्टर सांगत होता.

पोई कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. कालोचे कंद आधी पूर्ण शिजवावे लागतात. अर्धकच्चे राहिले तर घशाला खाज सुटते, आणि अळूचं फदफदं करताना चिंच घालणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. मग साल खरवडून कंद लाकडी पाटीवर ठेवायचे आणि वरवंट्यासारख्या वजनदार दगडी ठोक्याने ठेचायचे. लांबट पाटी असली तर दोघं समोरासमोर बसून ठेचतात. हात ओला करून गोळा उलटायचा, दुमडायचा, पुन्हा ठेचायचा. खांदे, पाठ, पोट, सगळं कामाला लागतं. पाण्याचा फक्त हात लावून तयार झालेला घट्ट, चिवट, जांभळट-करडा गोळा म्हणजे पाइ-आइ. त्यात पाणी कालवून सैल केलं की झाली पोई. पोई ताजी असताना गोडसर लागते, दोन-तीन दिवसांनी आंबते, आणि जाणती माणसं त्या आंबट पोईवरच जीव टाकतात. पोई ठेचणाऱ्या जुन्या हवाईयन घरांमध्ये व्यायाम हा वेगळा विषयच नव्हता. वाफ्यात चिखल तुडवणं, होडी वल्हवणं, जाळं ओढणं आणि शेवटी हे ठेचणं, इतकं झाल्यावर जेवण.

आता ही माणसं बेटांवर उरलेली नाहीत, निदान निम्मी तरी. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच असं दिसलं की मूळ हवाईयन म्हणवणाऱ्या सुमारे ६ लाख ८० हजार लोकांपैकी ५३ टक्के हवाईबाहेर राहतात. घरांच्या किमती हे त्यामागचं मोठं कारण. सगळ्यांत जास्त माणसं कॅलिफोर्नियात. नेवाडातल्या लास वेगासला तर हवाईचे लोक 'नववं बेट' म्हणतात. १९७५ मध्ये तिथे उघडलेल्या 'कॅलिफोर्निया हॉटेल'ने हवाईच्या पाहुण्यांना बोलावून घेतलं, पुढे पाहुण्यांपैकी कित्येक तिथलेच झाले.

समुद्रापार ये-जा करताना जेवण बदलत जाणं ही गोष्ट मात्र जुनी आहे. १९ व्या शतकात हडसन्स बे कंपनीने हवाईयन मजूर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर नेले, आणि त्याच व्यापारातून खारवलेला सामन मासा बेटांवर आला. सामन हवाईच्या समुद्रात सापडत नाही. तरी आज टोमॅटो-कांद्यात हाताने चुरलेल्या 'लोमी' सामनशिवाय तिथली मेजवानी होत नाही. त्यामुळे अस्सल काय आणि उसनं काय, याचा वाद मी फार ताणणार नाही. एक भेद मात्र मला गरजेचा वाटतो. अमेरिकेत हवाईयन जेवण म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा मळ्यांवरच्या मजुरांच्या डब्यातून घडलेलं 'प्लेट लंच' असतं: पांढऱ्या भाताचे दोन गोळे, मॅकरोनी सॅलड आणि गोडसर सॉसमधलं मांस. हेही तिथल्या कष्टकऱ्यांचंच अन्न आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. पण वाइआनाएच्या ताटाचे गुण त्यात शोधायला जाऊ नये. घराच्या ओढीने माणूस त्या दुकानात जातो आणि आजोबांच्या ऐवजी मळ्याच्या मुकादमाच्या काळातलं जेवण जेवून येतो, याचं मला वाईट वाटतं.

घरी करायचं तर तडजोडी ठरलेल्या आहेत. मातीतली भट्टी, म्हणजे इमू, फ्लॅटच्या बाल्कनीत खणता येत नाही. मग डुकराच्या मांसाला जाडं मीठ चोळून, धुराच्या वासाचा अर्क घालून ते ओव्हनमध्ये तासन्‌तास ठेवतात. लाउलाउसाठी मांस किंवा मासा अळूच्या पानांत गुंडाळून वर 'टी' नावाच्या झाडाची पानं बांधतात आणि कित्येक तास वाफवतात. अळूची पानं मिळाली नाहीत तर पालक, टीऐवजी केळीचं पान. कंद मात्र आशियाई आणि भारतीय दुकानांत मिळतात, अळकुड्यांच्या टोपलीत. पोई गोठवलेली येते किंवा पूड करून, आणि महाग पडते. एवढा खर्च करून आणलेली पोई सणावारी वाटीभर मिळते. रोजच्या पोटाला आधार देण्याचं तिचं काम तिथे भात करतो.

हुलाचं तसं झालं नाही. १८३० मध्ये राणी काआहुमानूने सार्वजनिक हुलावर बंदी आणली होती, त्याच शतकाच्या अखेरीला राजा कालाकाउआने त्याला दरबारात परत मान दिला. इतकं सोसून टिकलेल्या नृत्याला समुद्र ओलांडणं जड गेलं नाही. कॅलिफोर्नियात, वॉशिंग्टन राज्यात, नेवाडात हुलाच्या शाळा, म्हणजे हालाउ, चालतात. लागतं काय, तर एक गुरू, एक भोपळ्याचं तालवाद्य आणि मोकळी जमीन. गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून गाण्यामागून गाणं नाचायचं. बघणाऱ्याला ते अलवार वाटतं, पण मांड्यांना त्याची खरी किंमत कळते. हवाईतल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा संथ हुलाही मध्यम व्यायामात बसला आणि वेगवान हुला जोमाच्या खेळांच्या पंक्तीत. डॉ. केआवे काहोलोकुला आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब वाढलेल्या २६३ मूळ हवाईयनांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाची काळजी कशी घ्यावी हे दोन्ही गटांना शिकवलं, एका गटाला त्यावर हुलाचे वर्ग दिले. सहा महिन्यांनी हुलाच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी १५.३ अंकांनी उतरला, दुसऱ्यात ११.८ ने. फरक साडेतीन अंकांचा आहे, पण औषधाची गोळी नाचायला बोलावत नाही. हालाउमध्ये एखादी बाई आली नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. मार्मट-साइम यांना कॅलिफोर्नियातल्या जपान्यांत जे आढळलं होतं, ते मला या चौकशीत दिसतं.

ठेचलेल्या अळूच्या बाजूनेही एक चांगली गोष्ट घडली. हाताने ठेचलेली पोई आणि पाइ-आइ विकणं हवाईच्या आरोग्य नियमांत बसत नव्हतं. लाकडी पाटी आणि दगड त्यांना मान्य नव्हते. लोकांनी आवाज उठवला आणि २०११ मध्ये कायदा बदलून वाट मोकळी झाली. पाइ-आइमध्ये पाणी कालवलेलं नसल्यामुळे तो पानांत गुंडाळून बरेच दिवस टिकतो, म्हणून दूरच्या दर्याच्या प्रवासाला जुनी माणसं तोच बांधून नेत. लास वेगासच्या घरासाठी पातळ पोईपेक्षा हाच जास्त सोयीचा आहे, असं माझं मत. तो येईपर्यंत रताळी आहेत, अळकुड्या आहेत, मासे आहेत. वाइआनाएच्या ताटातला निम्माअधिक ऐवज अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या बाजारात मिळतो, भाताचे दोन गोळे आणि मॅकरोनी बाजूला सारले की त्याला जागाही होते.