जुनीं भिंगें आणि नवा कॅमेरा



आमच्या भिवंडींत लहान मुलासहि एक गोष्ट ठाऊक असते : एका मापाच्या मागाचा धोटा दुसऱ्या मापाच्या मागावर चालत नाहीं. दोन्ही लांकडाचेच, दोहोंचें काम सूत नेण्याचेंच. परंतु माप चुकलें कीं कापड बिघडतें. कॅमेरा आणि भिंग यांचा संबंध असाच आहे. ज्या घरांत दहापंधरा वर्षांपूर्वीं घेतलेला आरशाचा कॅमेरा आहे, त्या घरांत आज बिनआरशाचा नवा कॅमेरा घ्यावा काय, आणि घेतल्यास जुन्या भिंगांचें काय करावें, हा प्रश्न हटकून निघतो. भिंगांत गुंतलेला पैसा पुष्कळदां कॅमेऱ्याच्या किंमतीहून अधिक असतो. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं, संसाराच्या हिशेबाचाहि आहे.

माझा पुतण्या लग्नकार्यांचीं छायाचित्रें काढून पोट भरतो. त्यानें जुना कॅमेरा विकून नवा घेतला, आणि जुनें भिंग त्यावर बसावें म्हणून एक जोडकडें, म्हणजे ॲडॅप्टर, घेतलें. "सगळीं भिंगें चालतील," असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. घरीं घाईनें दोनचार छायाचित्रें काढून तो कामावर गेला. अंतरपाट दूर झाला, वधूनें हार उचलला, यानें बटण दाबलें. पण भिंग जागचें हललें नाहीं. त्या क्षणाचीं सारीं छायाचित्रें धूसर आलीं. रात्रीं घरीं येऊन तो म्हणाला, "काका, भिंग बसलें, पण चाललें नाहीं." बसणें आणि चालणें या दोन क्रियापदांतच आजचा सारा विषय आहे.

प्रथम बसण्याविषयीं. भिंग कॅमेऱ्यावर जेथें टेकतें ती धातूची कडी, आणि जेथें चित्र उमटतें तो पडदा, यांमधील अंतर प्रत्येक पद्धतींत ठरलेलें असतें. सोयीसाठीं त्यास आपण 'बैठकीचें अंतर' म्हणूं. दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा पडद्यावर पडावी अशा बेतानें भिंग घडविलेलें असतें, आणि तो बेत या अंतरावर अवलंबून असतो. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग व पडदा यांमध्यें आरसा वर-खालीं हलतो. त्याला जागा हवी म्हणून हें अंतर मोठें ठेवावें लागलें. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ् पद्धतींत तें ४६.५ मिलिमीटर आहे. कॅननच्या १९८७ सालच्या ई. एफ्. पद्धतींत ४४. आरसा काढून टाकला तेव्हां ही जागा मोकळी झाली. सोनीच्या ई पद्धतींत तें १८, आणि २०१८ सालीं निघालेल्या दोन पद्धतींत, निकॉनच्या झेड् मध्यें १६ व कॅननच्या आर. एफ्. मध्यें २० मिलिमीटर आहे.

यावरून पहिला नियम वजाबाकीचा. भिंगाच्या अंतरांतून कॅमेऱ्याचें अंतर वजा करावें. बाकी उरली तर तितक्या जाडीचें पोकळ कडें पुरतें. निकॉनचें जुनें भिंग नव्या झेड् कॅमेऱ्यावर बसवायचें तर ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मिलिमीटर, कॅननचें जुनें भिंग आर. एफ्. वर बसवायचें तर २४. बाकी ऋण आली तर मात्र साधें कडें उपयोगी नाहीं. कॅननची १९८७ पूर्वींची एफ्. डी. भिंगें ४२ मिलिमीटरांची. म्हणून तीं कॅननच्याच ई. एफ्. कॅमेऱ्यावर, मध्यें आणखी एक कांच घातल्यावांचून, दूरचें दृश्य स्पष्ट दाखवूं शकत नाहींत. आणि अशी जादा कांच बहुधा चित्राची प्रत खालावते.

ऋण बाकीचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. तरुणपणीं माझ्याजवळ सोव्हिएत संघांतून आलेला झेनिट कॅमेरा होता. त्याचें हेलिऑस भिंग ५८ मिलिमीटर नाभीय अंतराचें, ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्याचें, बैठकीचें अंतर सुमारें ४५.५. पुढें निकॉनचा आरशाचा डिजिटल कॅमेरा घेतल्यावर तेंच भिंग मीं एका पातळ कड्यानें त्यावर चढविलें. हातांतलें फूल सुरेख आलें. परंतु शाळेच्या पटांगणांत वर्गाचें छायाचित्र काढलें तेव्हां मागच्या रांगेंतील मुलांचे चेहरे ओळखूं येईनात. उणें एकच मिलिमीटर. त्यानें एवढें काय बिघडणार, असें मला वाटलें होतें. गणित मात्र सोपें आहे. नाभीय अंतराचा वर्ग करावा आणि जितकें अंतर जास्त झालें असेल त्यानें भागावें. भिंगाची दृष्टि अदमासें तितक्यापर्यंतच पोंचते. ५८ चा वर्ग ३३६४, त्यास १.०४ नें भागलें कीं सुमारें ३२३५ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन मीटर. माझी मागची रांग त्यापलीकडे उभी होती.

हेंच गणित कड्याच्या घडणीसहि लागू आहे. कडें एका कागदाइतकें, म्हणजे एक-दशांश मिलिमीटर, जाड झालें तर ५० मिलिमीटरचें भिंग २५ मीटरपर्यंत पाहील. परंतु २० मिलिमीटरचें रुंद दृष्टीचें भिंग अवघें ४ मीटरपर्यंत! म्हणून रुंद भिंगास स्वस्त कडें लावूं नये. पुष्कळ कारागीर कडें मुद्दाम किंचित् पातळ ठेवतात. त्यामुळें दूरचें दृश्य साधतें. मात्र भिंगावर कोरलेले अंतराचे आंकडे जुळत नाहींत.

आट्याचें मापहि फसवें असतें. लायकाच्या जुन्या पद्धतीचा आटा ३९ मिलिमीटरचा व बैठकीचें अंतर २८.८, आरंभींच्या कांहीं झेनिटांचा आटाहि ३९ चाच, पण अंतर सुमारें ४५. आटा बसला म्हणून माप जुळलें असें समजूं नये.

आतां चालण्याविषयीं. आजचें भिंग कॅमेऱ्याशीं विजेच्या संकेतांनीं बोलतें. पोकळ कड्यांतून हें बोलणें होत नाहीं. त्यांत कॅननच्या ई. एफ्. भिंगाचें छिद्र विजेनेंच लहान-मोठें होत असल्यानें पोकळ कड्यावर तें उघडेंच राहतें. निकॉनच्या 'जी' भिंगांना छिद्राची कडी नाहीं. त्यांस स्वतंत्र कळ असलेलें कडें लागतें. कॅननच्या स्वतःच्या कड्यानें ई. एफ्. भिंगें नव्या कॅमेऱ्यावर पूर्वींसारखींच चालतात. निकॉनच्या कड्यावर मात्र भेद आहे : ज्या भिंगांच्या पोटांत मोटर आहे, म्हणजे ज्यांवर 'ए. एफ्. - एस्.' वा 'ए. एफ्. - पी.' लिहिलें आहे, तीं आपोआप दृश्य साधतात. ज्यांना कॅमेऱ्यांतील मोटर फिरवीत असे तीं 'ए. एफ्. - डी.' भिंगें बसतात, उजेडाचें मापहि देतात, परंतु हातानेंच फिरवावीं लागतात. पुतण्याचें भिंग मोटर नसलेल्या जातीचें होतें. भिंगावरचीं चार अक्षरें आधीं वाचलीं असतीं तर तो हार हुकला नसता.

तिसरी बाब चौकटीची. पूर्ण चौकट ३६ × २४ मिलिमीटर. लहान चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग सुमारें ७५ सारखें दाखवितें. उलट लहान चौकटीसाठीं केलेलें भिंग मोठ्या चौकटीचे कोपरे भरीत नाहीं.

मग काय ठेवावें व काय विकावें? माझें मत असें. हातानें फिरविण्याचीं ५० ते १०० मिलिमीटरचीं भिंगें आणि अगदीं जवळून पाहणारीं भिंगें ठेवावीं. नवा कॅमेरा दृश्य मोठें करून दाखवितो, त्यामुळें म्हाताऱ्या डोळ्यांनाहि तीं साधतात. ज्यांच्या पोटांत मोटर आहे तींहि ठेवावीं व त्यांस कंपनीचेंच कडें घ्यावें. रुंद दृष्टीचें जुनें भिंग विकून नव्या पद्धतीचें घ्यावें. ज्याचा चरितार्थ कॅमेऱ्यावर आहे, त्यानें निदान एक भिंग नव्या पद्धतीचेंच बाळगावें.

मुंबईस फोर्टांत बोराबाजाराकडे खरेदीस जाल तेव्हां आपलें भिंग बरोबर न्यावें. कडें चढवून हलवून पाहावें. खुळखुळतां कामा नये. आंतील बाजू काळी व निस्तेज असावी. चकाकत असेल तर चित्रावर पांढरी झांक येते. दूरच्या इमारतीवर भिंग साधून पाहावें, आणि भिंतीवर लावलेलें वर्तमानपत्र टिपून चारी कोपरे सारखे वाचतां येतात कीं नाहीं तें तपासावें. पोकळ कड्यावर कॅमेरा 'भिंग नाहीं' असें समजून अडतो. त्यासाठीं भिंगावांचून बटण चालण्याची सोय आधीं सुरूं करावी. सेकंड-हँड भिंग विजेरीच्या उजेडांत आरपार पाहावें. कोंकणच्या दमट हवेंत कांचेवर बुरशीचीं जाळीं धरतात. हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंग ठेवणें हाच स्वस्त उपाय.

पुतण्यानें दुसरें भिंग घेतलें. तें जुनें भिंग त्यानें मला दिलें, आणि त्याच्या नव्या कॅमेऱ्यावर २९.५ मिलिमीटरच्या कड्यानें माझें हेलिऑस एकदां चढवूं दिलें. मीं तें समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीवर रोखलें. टाकीची शिडी, शिडीवरचा कावळा, सारें स्वच्छ दिसलें. भिंगांत दोष कधींच नव्हता; त्याला योग्य अंतरावर बसावयास जागा मिळाली नव्हती, इतकेंच. पेटींतलें भिंग टाकण्यापूर्वीं ही एक वजाबाकी करून पाहा, एवढीच आपणांस विनंति.