फायबरच्या गाडीतला खर्ज

गोव्यात घडलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे अंग फायबरग्लासचे असल्याने तिची मूळ ध्वनियंत्रणा बदलताना नेहमीची रीत उपयोगी पडत नाही. पत्र्याच्या गाडीत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे संकेत बलवान करणाऱ्या यंत्राची, अर्थिंगची वायर जवळच्या बोल्टला कसली की भागते. फायबरमधून मात्र वीज वाहत नाही, त्यामुळे ती जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेणेच उत्तम, आणि धन वायरीवर बॅटरीलगत फ्यूज बसवण्यात तर मुळीच कुचराई नको. महागडा स्पीकर घेण्याआधी दाराच्या पोकळीत कंपन शोषणारी शीट चिकटवून फटी बुजवाव्यात, कारण स्पीकरच्या पडद्याच्या पुढचा व मागचा आवाज एकमेकांत मिसळला की खर्ज तेथेच मरतो. जुना डॅशबोर्ड मात्र कापू नये, कारण अशा गाड्या मुळातच थोड्या बनल्या.