समुद्राची ओढ

पुणे हे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे वसलेले शहर. येथील मुले विहिरीत किंवा तलावात पोहावयास शिकतात. त्या पाण्याला काठ असतो आणि ते पोहणाऱ्यास वाहून नेत नाही. म्हणून सहलीच्या निमित्ताने कोकणचा किनारा दिसला, की ही मुले हरखून लाटांकडे धाव घेतात. हा आनंद निर्मळ आहे. परंतु समुद्र म्हणजे मोठा तलाव नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून रायगड जिल्ह्यातील मुरुड येथे सहलीस गेलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. तो पावसाळा नव्हता, तरीही हा अनर्थ घडला.

समुद्राचे पाणी कधीच स्थिर नसते. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे आपल्या किनाऱ्यावर साधारणतः दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी फार उंच चढते. त्यास उधाण म्हणतात. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. हा हिशेब स्थूल आहे. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गावातील कोळ्यांना वेळ विचारावी आणि ओहोटी लागली असता पोहावयास जाऊ नये.

याखेरीज आणखी एक धोका आहे. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे परत जाते. तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. त्यामुळे पाणी शांत भासते, आणि नवखा मनुष्य नेमका तेथेच उतरतो. ही ओढ माणसास तळाशी खेचीत नाही. ती त्यास किनाऱ्यापासून दूर नेते. तिच्याविरुद्ध हातपाय मारणारा पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि दमल्यामुळेच बुडतो. अशा वेळी घाबरून न जाता पाठीवर तरंगावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्ती असल्यास किनाऱ्यास समांतर पोहत जावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो. तो ओलांडल्यावर लाटांच्या साहाय्याने किनाऱ्याकडे वळता येते.

मित्र बुडताना दिसला, तर त्याच्यामागे उडी घेण्याचा मोह होतो. परंतु एकास वाचविण्यासाठी गेलेले अनेकजण याच रीतीने प्राणास मुकले आहेत. दोर, रिकामा डबा किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू त्याच्याकडे फेकावी, जीवरक्षकास हाक मारावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे.

नौकेतून फेरी मारताना किंवा पाण्यावरील खेळ खेळताना तरंगते जाकीट अंगावर नीट बांधून घ्यावे. पोहता येणाऱ्यानेही ते टाळू नये. लाल निशाण लावलेले असेल तेथे, तसेच पावसाळ्यात, पाण्यात उतरू नये. एकट्याने तर कधीच जाऊ नये.

कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात. तेही वारा व भरती पाहूनच होडी लोटतात. जन्मभर समुद्र पाहिलेली माणसे जर इतकी सावध असतात, तर वर्षातून एकदा तेथे जाणाऱ्या आपण किती सावध असावे बरे!